कॅटलॉगचा बॅकअप व्हर्चुअल टेपवर, आणि त्या टेपचा पत्ता त्याच कॅटलॉगमध्ये

रात्रपाळी_वाकड · शनिवार, पहाटे ५:२०

नमस्कार मंडळी. ड्रिल संपवून आत्ताच घरी आले. अंग दमलंय, पण काल रात्री जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

आमची टीम पुण्यातून एका अमेरिकन विमा कंपनीचा मेनफ्रेम (मोठा मध्यवर्ती संगणक) सांभाळते. मी स्टोरेजमध्ये सव्वादोन वर्षं आहे. दर सहा महिन्यांनी दुसऱ्या साइटवर ड्रिल होतं, म्हणजे मूळ साइट गेली असं धरून सिस्टिम तिकडे उभी करण्याचा सराव. तिथे मूळ डिस्कची मिरर केलेली प्रत असते. ती उठवायची, ॲप्लिकेशन चालू करून दाखवायची, सही घ्यायची. आजवर सुरळीत होत आलं. या वेळी ऑडिटरबाईंनी ऐन वेळी प्रश्न बदलला, तोही कॅटलॉगवर, म्हणजे कुठला डेटासेट (फाइल) कुठल्या व्हॉल्यूमवर (डिस्क किंवा टेपवर) आहे हे सांगणाऱ्या वहीवर. म्हणाल्या, "समजा, यूजर कॅटलॉग बिघडला आणि मिररिंगमुळे तो बिघाड इकडच्या प्रतीतही आला. आता बॅकअपमधून उभा करून दाखवा."

बॅकअप आहे. रोज रात्री अकराला आयडीकॅम्स या युटिलिटीने एक्स्पोर्ट होतो, व्हर्चुअल टेपवर (टेपसारखी दिसणारी डिस्कवरची फाइल) जातो, जीडीजीच्या (एकाच नावाच्या क्रमवार आवृत्त्या) नव्या जनरेशनमध्ये कॅटलॉग होतो, म्हणजे नोंदला जातो. मी आल्यापासून हा जॉब एकदाही फेल गेलेला नाही. रिस्टोअरचा जॉब उघडला तर त्यात डेटासेटचं नाव होतं, व्हॉल्सर (टेपचा नंबर) नव्हता. आणि ते नाव ज्या कॅटलॉगमध्ये नोंदलेलं, तोच कॅटलॉग आम्ही गेला असं धरलेला.

मग जुन्या रनचं आउटपुट शोधायला गेलो, कारण त्यात टेपचा नंबर असतो. आउटपुट साठवणाऱ्या प्रॉडक्टच्या फायली त्याच कॅटलॉगमध्ये. ज्यातून आम्ही मेनफ्रेमवर काम करतो त्या टीएसओच्या लॉगऑन प्रोसीजरमधल्या दोन लायब्रऱ्याही त्यातच, त्यामुळे जो बाहेर पडला त्याला परत आत येता येईना. शेवटी सिस्टिम्सच्या एका दादांनी साध्या लॉगऑन प्रोसीजरने आत जाऊन आरएमएमला, म्हणजे टेपांचा हिशेब ठेवणाऱ्या प्रॉडक्टला, विचारलं, तेव्हा व्हॉल्सर सापडला. एकूण साडेतीन तास गेले. त्यातली इम्पोर्टची अकरा मिनिटं.

जाताना बाईंनी विचारलं, "आणि आरएमएमची नोंदही गेली असती तर?" खोलीत कुणाकडेच उत्तर नव्हतं.

मला हे मुळापासून नीट करायचंय. ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा.

चौकट · शनिवार, सकाळी ७:४५

आधी तीन गोष्टी सांगा. व्हर्चुअल टेपची पेटी कुठली, टेप मॅनेजमेंट आरएमएम की सीए-१, आणि एक्स्पोर्टची टेप कुठल्या मॅनेजमेंट क्लासमध्ये (टेपच्या प्रती कुठे आणि कधी करायच्या हे ठरवणारा नियम) जाते? तिसरं बघितलं नसेल तर आजच बघा.

रात्रपाळी_वाकड · शनिवार, दुपारी १:१०

टीएस७७७०, दोन क्लस्टरचा ग्रिड (एकमेकींना जोडलेल्या दोन पेट्या), दोन्हीकडे मागे ३५९२ प्रकारच्या खऱ्या टेप. टेप मॅनेजमेंट आरएमएम. मायग्रेशन (न वापरलेला डेटा डिस्कवरून टेपवर हलवणं) आणि बॅकअप एचएसएमकडे.

मॅनेजमेंट क्लास आत्ता बघितला. बाकी सगळ्या बॅच टेपांचा जो क्लास तोच, डिफर्ड कॉपी.

चौकट · शनिवार, दुपारी १:२५

म्हणजे जॉब संपतो तेव्हा टेप फक्त एका क्लस्टरमध्ये असते. दुसरीकडची प्रत रांगेतून सवडीने जाते. रात्री अकरा म्हणजे तुमची बॅच ऐन भरात, रांग लांब. त्या वेळी मूळ साइट गेली तर कॅटलॉगचा ताजा बॅकअपही तिच्याबरोबर गेला.

असल्या मोजक्या टेपांसाठी वेगळा मॅनेजमेंट क्लास करा. सिंक्रोनस कॉपी, म्हणजे लिहितानाच दोन्हीकडे, नाहीतर निदान रिवाइंड-अनलोडच्या वेळी कॉपी. दुसऱ्या प्रकारात टेप बंद करतानाच प्रत होते आणि ती झाल्याशिवाय जॉब पुढे सरकत नाही. या टेपा इतक्या लहान असतात की त्यासाठी दोन-चार मिनिटं गेली तरी कुणाला कळणारही नाही. आणि स्टोरेज क्लास असा द्या की त्या पेटीच्या डिस्ककॅशमध्ये शेवटपर्यंत राहतील. नाहीतर संकटाच्या वेळी ३५९२ कार्ट्रिज चढून रिकॉल होईपर्यंत वाट बघत बसाल.

तात्या_एमव्हीएस · शनिवार, रात्री ९:३०

रात्रपाळीताई, त्या बाईंचे आभार माना. असा प्रश्न विचारणारा ऑडिटर मला पस्तीस वर्षांत दोनदाच भेटला.

सविस्तर लिहितो, कारण हा विषय एका जॉबचा नाही. मी १९८९ साली मस्कतला टेप ऑपरेटर म्हणून लागलो. तेव्हा ३४८० कार्ट्रिज होती, एकीत २०० मेगाबाइट मावायचे, आणि प्रत्येकीवर नंबराची चिठ्ठी. कॅटलॉग गेला तरी रॅकपाशी उभं राहून रजिस्टर बघून कार्ट्रिज उचलता यायची. कंटाळवाणं काम होतं, पण अशक्य नव्हतं.

व्हर्चुअल टेपमध्ये उचलायला काही नाही. सिस्टिमला आजही ३४९०ई ड्राइव्ह दिसतो, टेप चढल्याचा मेसेज येतो, पण ती टेप म्हणजे पेटीतल्या डिस्कवरची फाइल. मग ती इतर शेकडो-हजारोंबरोबर खऱ्या ३५९२ कार्ट्रिजवर रचली जाते. जुन्या व्हॉल्यूम एक्स्पायर झाल्या की कार्ट्रिजवर पोकळी वाढते, मग पेटी जिवंत उरलेल्या व्हॉल्यूम उचलून दुसऱ्या कार्ट्रिजवर नेते. याला रिक्लेम म्हणतात आणि ते आपल्या नकळत चालू असतं.

आमच्या गावी एकत्रीकरण योजना झाली तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जमीन होती तिथेच होती. पण कुणाचा जुना तुकडा कुठल्या गटात गेला हे एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरूनच कळायचं. तो उतारा तलाठ्याकडून गहाळ झालेल्या लोकांच्या पुढच्या दोन पिढ्या कोर्टात गेल्या. तुमच्या पेटीत ही योजना रोज राबते आहे, आणि उतारा म्हणजे पेटीचा आतला डेटाबेस.

आता नीट बघा, एका टेपपर्यंत पोचायला किती वह्या लागतात. सगळ्यात वर मास्टर आणि यूजर कॅटलॉग, म्हणजे डेटासेटच्या नावावरून व्हॉल्सर. त्याखाली आरएमएमचा सीडीएस, म्हणजे त्या व्हॉल्सरवर काय आहे, कुणाचं, कधीपर्यंत ठेवायचं. त्याच्याही खाली व्होलकॅट, ज्याला टेप कॉन्फिगरेशन डेटाबेस म्हणतात. तो व्हॉल्सर कुठल्या लायब्ररीत आहे आणि स्क्रॅच (पुन्हा लिहायला मोकळा) आहे की प्रायव्हेट (डेटा असलेला), हे तिथे असतं. आणि तळाशी पेटीची स्वतःची वही, व्हॉल्सरवरून खरी जागा. एचएसएम असेल तर त्याच्या तीन फायली आणखी वेगळ्या.

व्होलकॅट लोक हमखास विसरतात. तुम्ही म्हणाल, व्हॉल्सर हातात आहे, जेसीएलमध्ये (जॉबच्या आज्ञांत) युनिट आणि व्हॉल्सर लिहिला की कॅटलॉगशिवाय टेप वाचता येईल. बरोबर. पण एसएमएसच्या (मेनफ्रेमचं स्टोरेज सांभाळणारी व्यवस्था) टेप लायब्ररीत तो व्हॉल्सर व्होलकॅटमध्ये असावा लागतो, नाहीतर माउंटची मागणी कुठल्या लायब्ररीकडे न्यायची हेच सिस्टिमला कळत नाही. व्होलकॅट हाही कॅटलॉगच आहे, त्याचाही आयडीकॅम्सने एक्स्पोर्ट होतो. तुमच्या अकराच्या जॉबमध्ये तो आहे का? नावात व्ही-जनरल असलेला एक नक्की असेल. काही ठिकाणी व्हॉल्सरच्या पहिल्या अक्षरानुसार आणखीही असतात.

माझं म्हणणं एकच आहे. प्रत्येक वहीची प्रत अशा जागी हवी, की ती मिळवायला तीच वही किंवा तिच्यावर टेकलेली दुसरी वही उघडावी लागणार नाही. तुमच्याकडे तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवलेली होती. बहुतेक ठिकाणी तशीच असते.

मी कसं करतो ते सांगतो. एक्स्पोर्ट आधी डिस्कवर, ठरलेल्या नावाच्या व्हॉल्यूमवर, आणि ती व्हॉल्यूम कॅटलॉग ज्या व्हॉल्यूमवर आहे ती नव्हे. कुठलाच कॅटलॉग नसला तरी युनिट आणि व्हॉल्यूमचं नाव देऊन तो डेटासेट वाचता येतो. मग दुसरी स्टेप त्याचीच प्रत व्हर्चुअल टेपवर काढते. टेपवरचं नाव ज्या कॅटलॉगमध्ये नोंदायचं तो कॅटलॉग वेगळा, छोटा, फक्त याच कामाचा. आणि त्या छोट्या कॅटलॉगची एक्स्पोर्ट प्रत मास्टरमध्ये नोंदलेली. एक्स्पोर्टमध्ये टेम्पररी हा शब्द लिहायचाच, आणि आधी एक्झॅमिन आणि डायग्नोज या तपासणीच्या आज्ञा चालवायच्या. आतून मोडलेल्या कॅटलॉगचाही एक्स्पोर्ट कधीकधी रिटर्न कोड शून्यने, म्हणजे यशस्वी दाखवून, संपतो.

उरलेलं उद्या लिहितो, इथे रात्र झाली.

ग्रिडप्रेमी · रविवार, सकाळी १०:०५

तात्या, तुमच्याबद्दल आदर आहे, तरी मनापासून विचारतो. डिस्कला मेट्रो मिरर आहे, टेपला ग्रिड आहे, म्हणजे प्रत्येक बाइट दोन गावांत आहे. आमच्याकडे तर तीन क्लस्टर आहेत. दोन्ही-तिन्ही ठिकाणचे कॅटलॉग एकाच वेळी जाण्याची शक्यता किती? एवढ्यासाठी इतकी गुंतागुंत वाढवली तर त्या गुंत्यातच चुका होतील, ही माझी खरी काळजी आहे.

कऱ्हाडकर · रविवार, सकाळी ११:४०

ग्रिडप्रेमी, आग आणि पूर यांचा विचार केला तर तुमचं बरोबर आहे. पण कॅटलॉग आगीने जात नाहीत. कुणीतरी चुकीचं डिलीट चालवतो, कुठलातरी प्रॉडक्ट चुकीच्या व्हॉल्यूमवर लिहितो, दोन सिस्टिममधलं सिरियलायझेशन (एका वेळी एकानेच लिहायची शिस्त) नीट नसतं. मिरर ती चूक काही मिलिसेकंदांत दुसऱ्या गावी पोचवतो, कारण तेच त्याचं काम. एखादी व्हॉल्यूम चुकून स्क्रॅच झाली की ती संपूर्ण ग्रिडमध्येच स्क्रॅच होते. तीन क्लस्टर असले तरी वही एकच आहे.

२०११ च्या फेब्रुवारीत जीमेलचं झालं ते आठवतं का? सुमारे ०.०२ टक्के लोकांच्या मेलपेट्या रिकाम्या दिसू लागल्या. त्यांच्याकडे तर प्रती अनेक डेटासेंटरमध्ये होत्या. सॉफ्टवेअरच्या एका दोषाने त्या सगळ्या प्रतींना गाठलं. मेल परत आले ते टेपवरून, कारण टेप त्या वेळी जोडलेली नव्हती, दोष तिच्यापर्यंत पोचू शकला नाही. रिस्टोअरला वेळ लागला, पण मेल आले.

गुंतागुंतीबद्दलची तुमची काळजी मात्र रास्त आहे. म्हणून हे सगळं एका जॉबमध्ये, एका माणसाला वाचून कळेल असंच हवं.

ग्रिडप्रेमी · रविवार, दुपारी १२:१५

स्क्रॅच एकदम सगळ्या ग्रिडमध्ये होतं हा मुद्दा मी या बाजूने कधी बघितला नव्हता. मान्य. आमच्या स्क्रॅच कॅटेगरीवर एक्स्पायर-होल्ड आहे का ते उद्या बघतो.

कऱ्हाडकर · रविवार, दुपारी १२:५०

जरूर बघा. स्क्रॅच केलेल्या व्हॉल्यूमचा डेटा पेटी लगेच पुसत नाही. कॅटेगरीला एक्स्पायर होण्याचा काळ ठरवून दिलेला असतो. होल्ड लावला तर तेवढा काळ ती व्हॉल्यूम स्क्रॅच माउंटसाठी निवडलीही जात नाही. तेवढ्या दिवसांत चूक लक्षात आली तर तिला परत प्रायव्हेट करता येतं. आमचा एक महत्त्वाचा महिनाअखेर यानेच वाचला. जागा जास्त लागते, पण ती लागू द्यावी.

तात्या_एमव्हीएस · रविवार, संध्याकाळी ६:२०

कऱ्हाडकरांनी माझ्या पुढच्या मुद्द्याला हात घातला. रिस्टोअर झाल्यानंतरचा पहिला तास हा रिस्टोअरइतकाच जोखमीचा असतो.

समजा, आरएमएमचा सीडीएस पहाटे चारच्या प्रतीवरून उभा केला आणि आता दुपारचे दोन वाजलेत. पहाटे चार ते दोन या दहा तासांत लिहिलेल्या टेपा त्या जुन्या वहीत अजून स्क्रॅचच दिसतात. त्यातली एखादी पुढच्या जॉबने मागितली की सकाळचं काम पुसलं गेलं. म्हणून आरएमएमचं जर्नल (प्रत्येक बदलाची नोंद) जपा, ते बॅकअपवर चढवलं की वही बिघाडाच्या क्षणापर्यंत येते. जर्नल आणि सीडीएस एकाच डिस्कवर ठेवू नका. जर्नल चढवून, व्होलकॅट आणि पेटीच्या यादीशी ताडून बघेपर्यंत हाउसकीपिंगचं एक्स्पिरेशन (मुदत संपलेल्या टेपा मोकळ्या करणं) बंद. स्क्रॅच परत करणारा एकही जॉब शेड्युलरमधून सुटता कामा नये.

यूजर कॅटलॉगलाही तेच. इम्पोर्ट करण्याआधी कॅटलॉग लॉक करा, कारण अर्धवट उभ्या झालेल्या कॅटलॉगमध्ये बॅच लिहायला लागली तर दोन वेगळी सत्यं तयार होतात. एक्स्पोर्ट रात्री अकराचा आहे, पण त्यानंतरचे बदल एसएमएफमध्ये (सिस्टिमच्या रोजनिशीत) असतात. ६१, ६५ आणि ६६ या प्रकारच्या रेकॉर्ड, म्हणजे नवी नोंद, काढलेली नोंद, बदललेली नोंद. आयसीएफआरयू हे साधन या रेकॉर्ड एक्स्पोर्टवर चढवून नवा, ताजा एक्स्पोर्ट बनवतं, आणि मग तो इम्पोर्ट करायचा. त्यासाठी तो कॅटलॉग वापरणाऱ्या प्रत्येक सिस्टिमचा एसएमएफ हवा, एकाचा राहिला तरी वही खोटी. आता सांगा, तुमचा एसएमएफ डंप कुठे जातो? व्हर्चुअल टेपवर, आणि कॅटलॉग कुठल्या कॅटलॉगमध्ये होतो? हेही बघा.

रात्रपाळी_वाकड · रविवार, रात्री १०:१५

बघितलं. त्याच कॅटलॉगमध्ये.

तात्या, तुम्ही विचारलंत म्हणून व्होलकॅटही बघितला. अकराच्या जॉबमध्ये नाही. कधीच नव्हता.

लुईव्हिलकर · सोमवार, सकाळी ८:००

मी कोलोरॅडोत राहतो, आयुष्याचा मोठा भाग स्टोरेजटेक या टेपवाल्या कंपनीच्या गावात आणि त्यांच्या पेट्यांवर गेला. तुमच्याकडे आयबीएम आहे, पण वाचणाऱ्यांत व्हीएसएमवाले (स्टोरेजटेकची व्हर्चुअल टेप) असतील म्हणून लिहितो.

व्हीएसएममध्ये तळाची वही पेटीत नसते, ती सिस्टिमच्या डिस्कवर असते. तिला कंट्रोल डेटासेट म्हणतात. कुठली व्हर्चुअल टेप कुठल्या खऱ्या कार्ट्रिजवर आहे हे व्हीएसएमचं सॉफ्टवेअर व्हीटीसीएस तिथेच लिहितं. म्हणून तिची जबाबदारी पूर्ण तुमच्यावर येते. प्रायमरी, सेकंडरी आणि स्टँडबाय या तीन फायली तीन वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगवेगळ्या कंट्रोलरखाली ठेवा. पण प्रायमरी आणि सेकंडरी एकाच वेळी लिहिल्या जातात, त्यामुळे तार्किक चूक दोन्हीकडे जाते. रोजचा वेगळा बॅकअप लागतोच, आणि तो व्हर्चुअल टेपवर काढू नका. ती टेप वाचायला हीच फाइल लागेल.

फाइल पूर्ण गेली तर खऱ्या कार्ट्रिजचं ऑडिट करून नोंदी परत मिळवता येतात, कारण कार्ट्रिजवर आपल्यावर काय आहे ते लिहिलेलं असतं. पण एकेक कार्ट्रिज चढवून वाचावी लागते. हजारो असतील तर किती दिवस लागतील याचा हिशेब शांत वेळी करून ठेवा. तो आकडा व्यवस्थापनाला दाखवला की डिस्कवरच्या जादा जागेची मंजुरी पटकन मिळते.

तात्या_एमव्हीएस · सोमवार, सकाळी ९:१०

लुईव्हिलकर, छान लिहिलंत. टीएस७७०० वाल्यांसाठी याचाच जोड. पेटीचा डेटाबेस आपल्याला थेट हाताळता येत नाही, पण दोन दारं आहेत.

एक, बल्क व्हॉल्यूम इन्फर्मेशन रिट्रीव्हल, ज्याला सगळे बीव्हीआयआर म्हणतात. एका व्हर्चुअल टेपवर ठरावीक मजकुराची विनंती लिहायची, मग तीच टेप परत वाचली की पेटीने तिच्यावर उत्तर लिहिलेलं असतं. कुठली व्हॉल्यूम कुठल्या कार्ट्रिजवर, त्याची पूर्ण यादी मिळते. आठवड्यातून एकदा काढून पेटीबाहेर ठेवा. व्होलकॅट हाताने बांधायची वेळ आली तर ही यादी आणि आरएमएम समोर ठेवून क्रिएट व्हॉल्यूमएंट्रीच्या आज्ञा तयार करता येतात.

दुसरं दार कॉपी एक्स्पोर्ट. निवडक व्हॉल्यूमची दुसरी प्रत वेगळ्या कार्ट्रिजवर काढून ती कार्ट्रिज लायब्ररीच्या बाहेर काढता येतात, आणि पेटी त्या कार्ट्रिजवर आपल्या डेटाबेसची प्रतही लिहिते. म्हणजे उतारा जमिनीबरोबरच जातो. दुसऱ्या रिकाम्या क्लस्टरमध्ये ती कार्ट्रिज घातली की डेटाबेस त्यांच्यावरून उभा करता येतो. आगीपासून, हॅकरपासून, आपल्याच चुकीपासून लांब असलेली हीच एक प्रत. कपाटात पडलेल्या कार्ट्रिजला नेटवर्क नसतं.

कऱ्हाडकर · सोमवार, दुपारी ३:३०

एचएसएमचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. त्याच्या वह्या म्हणजे एमसीडीएस (मायग्रेशनची), बीसीडीएस (बॅकअपची), ओसीडीएस (ऑफलाइन टेपांची) आणि जर्नल. एमसीडीएस गेला तर मायग्रेट झालेले डेटासेट कुठल्या टेपवर आहेत हे कुणालाच सांगता येत नाही. कॅटलॉग फक्त "मायग्रेट" एवढंच म्हणतो. बॅकअपच्या प्रती आधी डिस्कवर घ्या, प्रत्येक वेळी वेगळ्या व्हॉल्यूमवर जातील अशा तयार करून ठेवा, आणि तिथून वेगळ्या जॉबने टेपवर. किती आवृत्त्या ठेवायच्या तो आकडा मुळात ४ असतो. शनिवार-रविवार धरून चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही तर चारही प्रती खराब. आम्ही वाढवला आहे. बॅकअप यशस्वी झाला की एचएसएम जर्नल रिकामं करतं, म्हणून अर्धवट बॅकअपनंतर घाईने काही करू नका.

हेच आरएमएमच्या व्हीआरएसमध्ये (टेप कधीपर्यंत ठेवायची याचा नियम). कॅटलॉगच्या बॅकअपला फक्त तीन सायकल ठेवल्या असतील तर तीन वाईट रात्रींत चांगली प्रत स्क्रॅच होते. दिवस मोजा, सायकल नको.

तनया_शिकतेय · मंगळवार, रात्री ११:००

दादा, काका, मी सोलापूरला शेवटच्या वर्षाला आहे, मेनफ्रेम शिकतेय. घरच्या लॅपटॉपवर यातलं काही करून बघता येईल का?

चौकट · बुधवार, सकाळी ७:३०

तनया, हर्क्युलिस एम्युलेटरवर एमव्हीएस ३.८जे चालवता येतं. व्हर्चुअल टेप म्हणजे काय हे तिथे फार सुंदर कळतं. टेप ही एडब्ल्यूएस प्रकारची साधी फाइल असते, ती हेक्स एडिटरमध्ये उघड, लेबलातला व्हॉल्सर डोळ्यांनी बघ. मग कॅटलॉग न वापरता फक्त व्हॉल्सर देऊन वाचायचा जॉब लिही. एक लक्षात ठेव, त्या जुन्या सिस्टिमवर इथे चर्चेत असलेले आयसीएफ कॅटलॉग नाहीत, त्याआधीच्या पिढीचे आहेत. आधुनिक झेड/ओएसवर हात बसवायला आयबीएमचं झेड एक्सप्लोर विनामूल्य आहे, पण तिथे स्टोरेज ॲडमिनचे अधिकार मिळणार नाहीत.

शीव_ते_सीप्झ · बुधवार, दुपारी २:४५

तांत्रिक भर नाही, पण एक अनुभव. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या रात्री मी मुंबईत एका डेटासेंटरमध्ये ड्युटीवर होतो. पुढची शिफ्ट आलीच नाही, आम्ही चौघे दीड दिवस आत. फोन बंद. दुसऱ्या शहरातल्या टीमला टेपांचे नंबर हवे होते आणि ते आमच्या सिस्टिमवर होते. सिस्टिम बंद करावी लागली होती. फोन लागला तेव्हा शिफ्टच्या रजिस्टरमधून मी त्यांना अठ्ठेचाळीस व्हॉल्सर एकेक अक्षर करून वाचून दाखवले. आमच्या शिफ्ट इन्चार्जबाईंचा आग्रह होता की दर शिफ्टला ती यादी हाताने लिहायची. आम्हाला तो त्रास वाटायचा. त्या दिवसापासून मी जिथे गेलो तिथे ती यादी छापून घेतो.

रात्रपाळी_वाकड · पंधरा दिवसांनी, गुरुवार, संध्याकाळी ७:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते लिहिते.

अकराचा जॉब नव्याने लिहिला. आधी एक्झॅमिन, डायग्नोज. मग मास्टर, अकरा यूजर कॅटलॉग आणि व्होलकॅट, सगळ्यांचे एक्स्पोर्ट ठरलेल्या दोन डिस्क व्हॉल्यूमवर. दुसऱ्या स्टेपला टेप, नव्या मॅनेजमेंट क्लासमध्ये, सिंक्रोनस. नावं एका नव्या छोट्या कॅटलॉगमध्ये. एसएमएफचे डंपही तिथेच नोंदवले. आरएमएम आणि एचएसएमच्या बॅकअपचे जॉब याच साखळीत आणले, व्हीआरएस दिवसांवर नेला. शेवटची स्टेप जॉबच्या आउटपुटमधले व्हॉल्सर वेचून एक पानाची यादी बनवते. ती रोज सकाळी तीन मेलपेट्यांत जाते, त्यातली एक मेनफ्रेमशी संबंध नसलेली, आणि दोन्ही साइटवर छापून फायलीत लागते. शीव_ते_सीप्झ, ती तुमची.

साध्या लॉगऑनची प्रोसीजर आता प्रत्येकाकडे आहे, ती फक्त मास्टरवर चालते.

गेल्या रविवारी आपणच आपली परीक्षा घेतली. टेस्ट एलपारवर (मेनफ्रेमचा चाचणीसाठी वेगळा काढलेला भाग) यूजर कॅटलॉग, छोटा कॅटलॉग आणि आरएमएम तिन्ही गेले असं धरलं. कागद हातात घेऊन सुरुवात. डिस्कवरची प्रत मुद्दाम वापरली नाही, टेपवरूनच केलं. एक तास पाच मिनिटं. त्यातली पस्तीस आयसीएफआरयूला, कारण एका सिस्टिमचा एसएमएफ डंप उशिरा आला होता. तो जॉब आता दर दोन तासांनी आहे.

राहिलं ते कॉपी एक्स्पोर्ट. कार्ट्रिज बाहेर काढली, तिसऱ्या ठिकाणी पाठवली. पण परत उभं करून बघायला रिकामा क्लस्टर हवा आणि तो आमच्याकडे नाही. ज्या प्रतीवरून अजून काही उभं केलं नाही तिच्यावर मी विसंबणार नाही. तुमच्यापैकी कुणी हे प्रत्यक्ष केलंय का?

तात्या_एमव्हीएस · गुरुवार, रात्री ८:४०

केलंय, दोनदा. पहिल्यांदा अडलो, कारण बाहेर पाठवलेल्या कार्ट्रिजमधली सगळ्यात ताजी कुठली हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, आणि डेटाबेस ताज्या एक्स्पोर्टच्या कार्ट्रिजवरूनच घ्यायचा असतो. तुमच्या त्या एका पानावर आणखी एक ओळ वाढवा, शेवटच्या कॉपी एक्स्पोर्टची तारीख आणि त्यातल्या कार्ट्रिजचे नंबर. कार्ट्रिज एन्क्रिप्ट केलेल्या असतील तर कळांचा (एन्क्रिप्शन कीजचा) सर्व्हर तिकडे पोचतो का तेही आधी बघा, नाहीतर हातात टेप असून कुलूप. रिकाम्या क्लस्टरसाठी पेटीच्या सपोर्टवाल्यांशी बोला. नवी पेटी बसवताना जुनी काढण्याआधीचे काही दिवस ती रिकामी उभी असते, तेव्हा आम्हाला मिळाली होती.

रात्रपाळी_वाकड · गुरुवार, रात्री ९:०५

ओळ वाढवली. आमच्या कार्ट्रिज एन्क्रिप्टेड आहेत. कळांच्या सर्व्हरचा बॅकअप कुठे जातो ते उद्या सकाळी पहिलं बघते आणि इथे लिहिते.